बियाण्यावरील बौद्धिक हक्क (वऱ्हाड)

अमरावती-अकोल्याच्या कपाशी पट्ट्यात बौद्धिक संपदेचा प्रश्न प्रामुख्याने बियाण्याच्या पिशवीतून येतो. पेटंट कायदा, १९७० नुसार वनस्पती व बियाण्यांना पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. नोंदणीकृत वाणाला १५ वर्षे संरक्षण मिळते. संत्र्यासारख्या झाडांना १८. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९६९) वाण काढणाऱ्या संस्थांना हाच कायदा लागू पडतो. शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याची, पेरण्याची, विकण्याचीही मुभा आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. संकरित कपाशीत ही मुभा बहुतांशी कागदावरच राहते, कारण घरच्या सरकीत मूळ गुण टिकत नाहीत.

बियाण्याला पेटंट नसले तरी त्यातील बोंडअळी-प्रतिकारक बीटी जनुकाच्या पेटंटवरून वाद झाला; मोन्सँटो व नुझिवीडू या बियाणे कंपन्यांमधील हा वाद जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवला. त्याच वर्षी जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे तणनाशक-सहनशील ‘एचटीबीटी’ कपाशी जाहीरपणे पेरली. त्या आंदोलनाची गल्लत अनेकदा पेटंटच्या वादाशी होते. तेथे मुद्दा पर्यावरणविषयक मंजुरीचा होता. बियाण्याच्या नावाचा प्रश्न याहून वेगळा: दुसऱ्याच्या ब्रँडची नकली पिशवी विकणे हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ खालील गुन्हा आहे.