मॉटली, कॉन्स्टन्स बेकर

मॉटली, कॉन्स्टन्स बेकर : (१४ सप्टेंबर १९२१ – २८ सप्टेंबर २००५). नागरी हक्कांसाठी लढलेल्या अमेरिकन वकील आणि अमेरिकेच्या संघीय न्यायालयावर नेमल्या गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे. आईवडील कॅरिबियनमधील नेविस बेटावरचे. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थी-क्लबांत आचारी. मुलीला वकील करण्याइतकी घरची ऐपत नव्हती. गावातल्या समाजकेंद्राकडे कृष्णवर्णीय का फिरकत नाहीत, अशी चर्चा एका सभेत निघाली, तेव्हा ‘कारभारात आम्हांला विचारतो कोण?’ अशा अर्थाचे त्या रोखठोक बोलल्या. केंद्राला पैसा पुरवणारे श्वेतवर्णीय उद्योजक क्लॅरन्स ब्लेकस्ली यांनी ते ऐकले आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला.

कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकत असतानाच १९४५ मध्ये त्या वकील थर्गुड मार्शल यांच्या हाताखाली एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या लीगल डिफेन्स फंडात रुजू झाल्या. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याच्या (१९५४) दाव्याचा मूळ मसुदा त्यांचा.

त्यांच्या वकिलीचा खरा कस मिसिसिपीत लागला. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला तिथल्या राज्य विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून त्या वारंवार तिथे जात. कार्यकर्ते मेडगर एव्हर्स गाडी चालवत. एकदा पोलीस पाठीमागे लागले, तेव्हा वकिली कागदांचे पॅड नजरेआड करा आणि मागे वळून पाहू नका, असे एव्हर्सनी त्यांना बजावले. १ ऑक्टोबर १९६२ रोजी, त्यांच्या प्रवेशाविरुद्ध आदल्या रात्री झालेल्या दंगलीनंतर, मेरेडिथ यांनी तिथे नाव नोंदवले. पुढच्याच वर्षी एव्हर्स यांची गोळी घालून हत्या झाली. त्याच १९६३ साली अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये नागरी हक्कांच्या मोर्चात गेल्याबद्दल शाळांतून काढलेल्या हजारावर मुलांना मॉटलींनी अपिलात परत वर्गात बसवले.

१९६४ मध्ये त्या न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर गेल्या, १९६५ मध्ये मॅनहॅटनच्या बरो-अध्यक्ष झाल्या. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयासाठी त्यांचे नाव सुचवले. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी ते महिनोन्‌महिने अडवून धरले. ऑगस्टअखेर नेमणूक मंजूर झाली.

एका बड्या वकिली संस्थेविरुद्धच्या लिंगभेदाच्या दाव्यात, तुम्ही स्त्री आहात आणि हक्कांच्या लढ्यातून आलेल्या आहात, तेव्हा खटल्यातून बाजूला व्हा, अशी मागणी झाली. मॉटलींनी ती १९७५ मध्ये फेटाळली : न्यायाधीशाचे लिंग, वंश वा पूर्वायुष्य हेच अपात्रतेचे कारण मानले, तर हा दावा ऐकायला या न्यायालयात कुणीच उरणार नाही. अमेरिकन न्यायदानातले हे एक अत्यंत स्वच्छ उत्तर म्हटले पाहिजे. यांकी स्टेडियमवर खेळाडूंच्या खोलीत स्त्री पत्रकारांना पुरुष पत्रकारांप्रमाणेच प्रवेश देणारा १९७८ चा निकालही त्यांचाच. १९८२ ते १९८६ त्या याच जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या.

वकील असताना सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटले लढवले, नऊ जिंकले. ‘स्वेन विरुद्ध अलाबामा’ (१९६५) तेवढा त्या हरल्या. ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्यासंबंधीच्या त्या निकालाचा गाभा त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये ‘बॅटसन’ खटल्यात रद्द केला.