वळिवडे : पंचगंगेच्या परिसरातील एक पोलिश गाव (१९४३–१९४८)

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास बहुधा रणांगणांच्या, सेनापतींच्या आणि तहांच्या अनुरोधाने लिहिला जातो. त्या युद्धाने घरांतून उठविलेली कोट्यवधी माणसे दूरदेशी कशी राहिली, त्यांनी चूल कोठे मांडली, मुलांना काय शिकविले, सण कसे साजरे केले, ह्याचा वृत्तान्त त्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. कोल्हापूरपासून अवघ्या काही मैलांवर, मिरजेच्या लोहमार्गावरील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात नांदलेले पोलिश निर्वासितांचे गाव हे अशा विस्मृत लोकजीवनाचे एक उत्तम उदाहरण होय. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘कँप’ म्हणत. परंतु शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, टपाल, दुकाने आणि रंगमंच असलेल्या, सुमारे ५,००० वस्तीच्या स्थळाला छावणी म्हणण्यापेक्षा गाव म्हणणेच अधिक यथार्थ ठरेल.

हे लोक येथवर आले कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत शिरले. पूर्व पोलंडमधील शेतकरी, शिक्षक, वनाधिकारी, सैनिक आणि सरकारी नोकर ह्यांच्या कुटुंबांना १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत लागोपाठ चार वेळा मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तान व उत्तर रशियातील अरण्यांत पाठविण्यात आले. मध्यरात्री दार ठोठावले जाई आणि तासाभरात घर सोडावे लागे. वाटेत व तेथील श्रमशिबिरांत थंडी, उपासमार आणि साथीचे रोग ह्यांनी असंख्य माणसे दगावली. त्यांत बालकांचे प्रमाण मोठे होते.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच स्वारी केली आणि राजकारणाचे पारडे फिरले. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार ह्यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला. ह्या बंदिवानांची मुक्तता होऊन जनरल अँडर्स ह्यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभारण्यास संमती मिळाली. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ही सेना कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये उतरली. तिच्याबरोबर सैनिकांच्या बायका, वृद्ध माता आणि अनाथ मुले ह्यांचाही लोंढा बाहेर पडला. एकंदर सुमारे १,१५,००० माणसे अशा रीतीने रशियाबाहेर आली; त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश नागरिक होते. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाइन आणि इटलीकडे गेले. मागे राहिलेल्या स्त्रिया-मुलांना कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत ही त्याची उत्तरे होती.

भारतात प्रथम पुढे झाला तो नवानगरचा संस्थानिक. जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी वसाहत उघडली. तिची कीर्ती सर्वत्र झाली आहे. तीत आश्रय मिळाला तो प्रामुख्याने अनाथ व निराधार मुलांना. संपूर्ण कुटुंबांची सोय करावयाची, तर त्याहून मोठी जागा हवी होती. हवा सौम्य, पाण्याचा पुरवठा जवळ आणि रेल्वे दाराशी, ह्या गुणांमुळे कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची निवड झाली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर कर्ता पुरुष नव्हता. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये दिवंगत झाले होते, दत्तक घेतलेले शिवाजी महाराज अजून बालवयात होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. वसाहतीची मांडणी हिंदुस्थान सरकार, संस्थान आणि मुंबईतील पोलिश वकिलात ह्यांच्या सहकार्याने झाली. खर्चाचा भार पोलिश सरकारच्या नावे लिहिला गेला. १९४३ च्या उन्हाळ्यात, कराचीच्या तात्पुरत्या तळांवरून, पहिल्या तुकड्या वळिवडे स्थानकावर उतरू लागल्या.

उतरणाऱ्यांत तरुण पुरुष जवळजवळ नव्हतेच. जे लढण्यासारखे होते ते आघाडीवर होते, कित्येक रशियातच मृत्यू पावले होते, तर कित्येकांचा ठावठिकाणा कोणालाच ठाऊक नव्हता. स्त्रिया, मुले आणि काही वृद्ध एवढीच ह्या गावाची प्रजा होती. त्यामुळे सामान्यतः पुरुषांकडे असणारी बहुतेक कामे येथे स्त्रियांच्या हाती आली. शिक्षिका, परिचारिका, कारकून, दुकानदार, अनाथाश्रमाच्या अधीक्षिका ह्या सर्व त्याच होत्या. कालपर्यंत ज्या बाईने सायबेरियात लाकडे फोडली, तीच येथे मुलींना भूमिती शिकवीत होती. वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की ह्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का ह्यांनी पोलिश रेड क्रॉसच्या वतीने ह्या निर्वासितांच्या सेवेचे जे कार्य केले, तेही येथे नमूद केले पाहिजे. त्या पुढे भारतातच राहिल्या व त्यांच्या दीर्घायुष्याचा उत्तरकाळ हैदराबादेत लोकसेवेत गेला.

गावाची रचना साधी होती. ओळीने बांधलेल्या लांबच लांब बराकी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी. प्रत्येक बराकीचे भाग पाडून कुटुंबाला राहण्याची जागा व स्वयंपाकघर दिलेले असे. हीच गोष्ट निर्वासितांना सर्वांत मोलाची वाटली. श्रमशिबिरात आणि इराणमधील तंबूंत त्यांना रांगेत उभे राहून शिजविलेले अन्न घ्यावे लागत असे; वळिवड्यास कुटुंबांना दरमहा भत्ता मिळे आणि गृहिणी स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या रुचीचे रांधू लागली. बाजारात काय घ्यावयाचे, उद्यासाठी किती राखावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार परत मिळणे ही बाह्यतः क्षुल्लक बाब आहे. परंतु ज्यांचा प्रत्येक दिवस तीन वर्षे दुसऱ्याच्या हुकमाने उगवला व मावळला, त्यांच्या दृष्टीने नागरिकत्वाचा आरंभ तेथूनच होत होता. पडवीपुढे फुलझाडांचे वाफे दिसू लागले. भाजीवाले, अंडीवाले, शिंपी आणि कापडवाले आसपासच्या गावांतून येऊ लागले. ग्राहकांना मराठी येत नव्हते आणि पोलिश बाया मुळात इंग्रजीही फारशा जाणत नव्हत्या. तेव्हा विक्रेत्यांनीच पोलिश आकडे व वस्तूंची नावे आत्मसात केली. व्यवहाराची गरज ही भाषेची फार चांगली शिक्षिका असते.

तथापि गावाचा खरा प्राण होता शाळा. बालवर्ग, प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, त्यावरील उच्च वर्ग, अध्यापनाचे शिक्षण आणि धंदेशिक्षण अशी संपूर्ण साखळी ह्या पाच हजारांच्या वस्तीत उभी राहिली. कित्येक मुलांची तीन-चार वर्षे अक्षरशून्य गेलेली होती. चौदा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाशेजारी बसे. पाठ्यपुस्तकांची वाण होती. एकाच पुस्तकावर अनेकांनी अभ्यास करावयाचा आणि उरलेले शिक्षिकांच्या स्मरणातून उतरवून घ्यावयाचे. पोलंडचा भूगोल, पोलंडचे राजे, पोलिश काव्य ह्यांवर विशेष भर असे, कारण उद्या परत जावयाचे आहे, ह्या गृहीतकावरच तो सारा अभ्यासक्रम उभा होता. मुंबईहून निघणारे ‘पोलाक व इंद्याख’ हे पोलिश नियतकालिक घरोघर वाचले जाई. बालवीरांची पथके होती, पंचगंगेत पोहणे होते, पन्हाळ्याच्या सहली होत्या. छातीच्या विकाराने ग्रासलेल्यांसाठी पाचगणीस आरोग्यधाम होते. काही मुली तेथील कॉन्व्हेंट शाळांतही शिकल्या. गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या व ‘उमादेवी’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलिश विदुषी वांदा दिनोव्स्का ह्यांनी ह्या तरुणांना भारतीय विचाराची ओळख करून देण्याचा यत्न केला.

धर्माचरण हे ह्या लोकजीवनाचे दुसरे अधिष्ठान होते. वसाहतीत कॅथॉलिक प्रार्थनामंदिर होते आणि वर्षाचे कालमापन सणांवरून होई. मे महिन्यात मेरीमातेची गीते, नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणार्थ थडग्यांवर दिवे आणि डिसेंबरात नाताळची पूर्वसंध्या. ह्या पूर्वसंध्येच्या भोजनास पोलिश घरांत एक पान रिकामे मांडून ठेवण्याचा जुना रिवाज आहे. अवचित दारी येणाऱ्या अतिथीसाठी ते असते. वळिवड्याच्या बराकींत ते पान मांडताना जवळजवळ प्रत्येक घरात कोणा तरी दूरस्थाची वा हरवलेल्याची आठवण जागी होत असणार, हे सांगावयास नको.

ह्या गावाच्या भोवतीचा प्रदेश त्या काळी शांत नव्हता. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनाचे पडसाद संस्थानातही उमटले होते. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवरील हल्ल्यात सात क्रांतिकारकांनी प्राण वेचले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारचा अंमल सुरू होता. १९४३ हे साल तर बंगालच्या भीषण दुष्काळाचे. धान्याची टंचाई व रेशनिंग सर्वत्र सुरू झाली होती. अशा वेळी परदेशी पाहुण्यांना नियमित भत्ता मिळतो, हे पाहून आसपासच्या गरीब शेतकऱ्याच्या मनात किल्मिष उत्पन्न झाले असते, तर नवल नव्हते. शिवाय त्यांना येथे आणण्याचा निर्णय ह्या जनतेला विचारून घेतलेला नव्हता. तो परकी सत्तेचा निर्णय होता. राज्याने दिलेला आश्रय आणि शेजाऱ्याने दाखविलेले सौजन्य ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासाने ध्यानात ठेवले पाहिजे. पहिली हुकमाने होते, दुसरीसाठी मन लागते. वळिवड्याच्या माजी रहिवाशांच्या आठवणींत कोल्हापूरकरांच्या सौजन्याचा उल्लेख वारंवार आढळतो, ही गोष्ट म्हणूनच मोलाची आहे. स्वातंत्र्य गमावलेली आणि स्वातंत्र्यासाठी झगडणारी अशी दोन माणसे त्या बाजारात भाजीच्या पाटीसमोर एकमेकांना भेटत होती.

१९४४ मध्ये गावाचे लक्ष युद्धवार्तांकडे लागून राहिले. १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी इटलीतील मॉन्ते कसिनोच्या मठावर आपले निशाण फडकविले. त्यांत ह्याच गावातील स्त्रियांचे पती, बंधू व पुत्र होते. विजयाच्या वार्तेपाठोपाठ मृतांच्या याद्याही आल्या. ऑगस्टमध्ये वॉर्सा शहराने उठाव केला आणि दोन महिन्यांनी तो चिरडला गेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सरहद्द ठरविली. तिच्यान्वये ल्वूफ, विल्नो आणि त्यांच्या आसपासचा सारा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची घरे त्याच मुलखात होती. ज्या देशाचा नकाशा मुले शाळेत गिरवीत होती, त्यातील त्यांचे गाव आता देशाबाहेर पडले होते. ८ मे १९४५ रोजी युरोपात विजयदिन साजरा झाला. ह्या गावापुढे मात्र परतीचा मार्ग बंद झाल्याची जाणीव उभी होती. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या छत्राखाली ही वस्ती नांदत होती, ते सरकारच कायद्याच्या दृष्टीने उरले नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा वाजली. ह्या गावाच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच म्हणावी लागेल. परतीच्या आशेवर उभारलेल्या संस्था ती आशा मावळल्यावरही तीन वर्षे चालू राहिल्या. व्यवस्था संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-साहाय्य संस्थेकडे गेली. १९४६ मध्ये बालाचडीची वसाहत बंद झाल्यावर तेथील मुलेही येथे आली. परीक्षा झाल्या, विवाह झाले, बालके जन्मली. १५ ऑगस्ट १९४७ चा भारतीय स्वातंत्र्यदिन ह्या गावानेही पाहिला. मग हळूहळू पांगापांग झाली. कोणी इंग्लंडमध्ये सैन्यातून मुक्त झालेल्या पतीकडे गेले, कोणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे, कोणी नव्या राजवटीतील पोलंडकडे. मोजक्या स्त्रियांनी येथेच संसार थाटले. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली.

ती फार काळ रिकामी राहिली नाही. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे त्याच बराकींत येऊन उतरली. एका परागंदा समाजाने सोडलेल्या चुलीत दुसऱ्याने विस्तव घातला. त्या वस्तीचे नाव गांधीनगर झाले आणि पुढे ती कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून दक्षिण महाराष्ट्रात व सीमाभागात नावारूपाला आली. तेथे खरेदीस जाणाऱ्या किती जणांना ही पूर्वकथा ठाऊक असेल?

पोलिश लोक मात्र विसरले नाहीत. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये स्मृतिस्तंभ उभारला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे दुसऱ्या स्तंभाचे अनावरण झाले, तेव्हा वार्धक्याने वाकलेली ‘वळिवड्याची मुले’ देशोदेशींहून आली होती. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत, ज्यांचा प्रवास येथेच संपला अशा पोलिश माणसांची थडगी आहेत.

वळिवड्याचे गाव पाचच वर्षे टिकले. ते राजधानी नव्हते, तेथे लढाई झाली नाही, तह झाला नाही. भूमी, सरकार आणि भविष्य ही तिन्ही हिरावली गेली असता माणसे समाज म्हणून कशाच्या बळावर उभी राहतात, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथील दिनक्रमात मिळते. वेळेवर भरणारी शाळा, वेळेवर होणारी प्रार्थना, नीट ठेवलेले घर, शेजाऱ्याशी सरळ व्यवहार आणि सणाच्या दिवशी परक्यासाठी मांडलेले एक पान, एवढ्यावर ते गाव उभे होते. पंचगंगेच्या पाण्यावर वाढलेल्या त्या पिढीने ते पाच खंडांत नेले.