श्वास मोजणारे आणि नाम घेणारे

आजचा भाग श्वासाबद्दल आहे आणि नामाबद्दलही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये श्वासाचा व्यायाम शिकवणारं एखादं ॲप असेल. स्क्रीनवरचा गोल मोठा झाला की श्वास घ्यायचा, लहान झाला की सोडायचा. त्याच घरात संध्याकाळी आजी हरिपाठ म्हणत असते. ॲप म्हणजे 'योगा' आणि हरिपाठ म्हणजे 'देवाधर्माचं', अशी वाटणी आपण करून टाकलेली असते. पण महाराष्ट्राचा इतिहास बघितला तर या दोन्ही गोष्टी एकाच घरातून निघालेल्या दिसतात.

सुरुवात जरा मागून करू. घड्याळ नव्हतं तेव्हा श्वास किती वेळ आत धरायचा हे कसं मोजत असतील? मंत्राने. संध्येतला प्राणायाम असाच आहे, मनात गायत्री म्हणायची आणि तेवढा वेळ श्वास रोखायचा. म्हणजे मंत्र हाच टायमर. पण हा टायमर मुंज झालेल्या मुलांच्याच हातात होता. बायकांना आणि बाकीच्या समाजाला तो मिळत नव्हता.

नाथ योग्यांनी यापुढची गोष्ट सांगितली. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या ग्रंथांत म्हटलंय की श्वास स्वतःच जप करतो. बाहेर जाताना 'ह', आत येताना 'स'. यातूनच 'हंस', आणि उलटं केलं की 'सोहम्'. दिवसरात्रीत असे 21,600 श्वास होतात आणि प्रत्येक श्वास हा एक जप. यालाच 'अजपा जप' म्हणतात, म्हणजे न जपता होणारा जप. फोनवर गणित करून बघा. 21,600 भागिले 24 तास म्हणजे तासाला 900, मिनिटाला 15. आजचे डॉक्टरसुद्धा शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण याच घरात धरतात.

नाथांकडे जातीची आडकाठी तुलनेने कमी होती. तिथली अट वेगळी होती. गुरू हवा, एकांत हवा, वर्षानुवर्षांचा वेळ हवा. शेतात राबणाऱ्या माणसाने किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईने हे कुठून आणायचं?

इथे ज्ञानदेव येतात. त्यांची गुरुपरंपरा नाथांचीच आहे: आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, आणि मग थोरले भाऊ निवृत्तिनाथ. 1290 साली नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिचा सहावा अध्याय वाचलात तर थक्क व्हाल. आसन कसं घालायचं, बंध कसे लावायचे, कुंडलिनी कशी जागी होते, सगळं बारकाईने दिलंय. गंमत म्हणजे गीतेच्या सहाव्या अध्यायात 'कुंडलिनी' हा शब्दच नाही. ज्ञानदेवांनी नाथांच्या घरातली ही ठेव मराठीत आणून सगळ्यांसमोर ठेवली.

तेच ज्ञानदेव बाराव्या अध्यायात सांगतात की ही वाट फार अवघड आहे, भक्तीची वाट सोपी. त्यांच्या नावावरच्या हरिपाठातही सूर हाच आहे: भाव नसेल तर योग आणि यज्ञ यांनी काही साधत नाही. ज्याला योग येत नाही तो योगाला नावं ठेवतो, हे आपण नेहमी बघतो. इथे तर योग जाणणारा माणूसच लोकांना दुसरी वाट दाखवतोय.

चांगदेवांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. परंपरा म्हणते की योगबळाने ते 1,400 वर्षं जगले. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहायचा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कोरंच पत्र पाठवलं. उत्तरादाखल ज्ञानदेवांच्या 65 ओव्या आल्या, तीच 'चांगदेव पासष्टी'. पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते लहानग्या मुक्ताबाईला. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. पण लोकांना काय सांगायचं होतं ते कळतं. श्वासावर ताबा आला तरी अहंकार शिल्लक राहू शकतो.

मग नामाच्या वाटेवर श्वासाचं काय झालं? माझं मत असं की तो कुठे गेला नाही, गाण्यात शिरला. गाणं नेहमी बाहेर जाणाऱ्या श्वासावर होतं. 'रामकृष्णहरी' दोन-तीनदा सावकाश, एका दमात म्हणून बघा. उच्छ्वास आपोआप लांबतो. दिंडीत तर टाळ, पावलं आणि नाम एकाच ठेक्यात चालतात. इथे श्वास कोणी मोजत नाही, ते काम चाल करते. आणि त्यासाठी मुंज लागत नाही, गुहाही लागत नाही. म्हणूनच जनाबाई, चोखोबा, गोरोबा, सेना महाराज अशी सगळी मंडळी या वाटेवर दिसतात.

जुनी वाटही बुजली नाही. सतराव्या शतकात रामदासांनी दासबोधाच्या सतराव्या दशकात 'अजपा निरूपण' असा आख्खा समास लिहिला. विसाव्या शतकात रत्नागिरीजवळच्या पावसचे स्वामी स्वरूपानंद (1903–1974) नाथपरंपरेतली सोहम् साधना सांगत होते आणि त्यांनीच 'अभंग ज्ञानेश्वरी'ही लिहिली.

आता थोडं विज्ञान. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. गट लहान होता, आणि हरिपाठ कोणी मोजला नव्हता. त्यामुळे 'विज्ञानाने हरिपाठ सिद्ध केला' असले फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका. एवढंच म्हणता येईल की लयीत म्हटलेले शब्द श्वासाला शिस्त लावतात, मग भाषा आणि धर्म कुठलाही असो.

पण नाम म्हणजे श्वासाचा स्वस्तातला व्यायाम, असं म्हणून मी थांबलो तर संतांवर अन्याय होईल. त्यांना मिनिटाला सहा श्वास नको होते, त्यांना विठ्ठल हवा होता. श्वास संथ झाला तो वाटेत. तुम्ही देव मानत असाल किंवा नसाल, हा फरक लक्षात ठेवा. ॲप विचारतं, किती मिनिटं केलंत? हरिपाठ विचारतो, कोणासाठी केलंत?

तेव्हा आजी हरिपाठाला बसली की एकदा शेजारी जाऊन बसा. ती श्वास कुठे घेते ते ऐका. आणि हो, श्वास रोखून धरायचे प्रयोग व्हिडिओ बघून करू नका, त्यासाठी जाणता शिक्षक लागतोच.

भेटू पुढच्या भागात. रामकृष्णहरी!