इंदूरची एक दिवाळी

सरकारी नोकरीत बदली ठरलेली. त्यामुळे नव्या गावी आम्ही बिऱ्हाड करतो, घर करीत नाही. जिन्यात कचरा साचला, गटार तुंबले, तर ‘अर्ज दिला आहे’ असे म्हणून दार लोटून घेतो. वसाहत निरोगी कशाने होते, हा प्रश्न खात्याचा, आमचा नव्हे! अशा वेळी आम्हांस इंदूरच्या एका दिवाळीची हकीकत आठवते.

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे देशभर पसरला. त्यावर सरकारचा उपाय म्हणजे घरझडती आणि सक्ती. १८९७ मध्ये पुण्यात त्यातून काय भडकले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मुंबईत १८९८ साली निघालेल्या सुधारणा ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पण उठविलेली गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत जाऊन तेथली दाटी वाढवू लागली. रोग हटविण्याच्या नादात माणसेच हटविली गेली.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताचा विचार निराळा होता. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. जुनी गल्ली हीही जिवंत वस्तू आहे, तिच्यावर शस्त्र चालवावयाचे ते बेताने, असे ते मानीत. एखादे पडके घर काढावे, हवेला वाट द्यावी, मोकळ्या जागी झाड लावावे; गल्ली मात्र राखावी. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला.

त्या कामात असताना दिवाळी आली. गेडिस यांनी जाहीर करविले की, यंदाची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता, जेथील घरे अधिक झाडलोट व डागडुजी केलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल. कचरा फुकट वाहून नेण्याचीही सोय झाली. मग काय, गाडीमागून गाडी कचरा बाहेर पडला आणि उंदरांचे अन्न व आसरा दोन्ही गेले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता. आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले झाडूवाले मानाने चालत होते. अखेर राक्षस व उंदीर यांचे दहन झाले.

प्लेग ओसरला. त्याचे सारे श्रेय एका मिरवणुकीस देणे हा इतिहास नव्हे. प्लेगास ऋतुमानही असते. शिवाय झाडूवाल्यांचा मान एका दिवसाचाच ठरला. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा करावा लागला, यातच सारे आले. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूर पहिले आले. त्या कीर्तीचे पहिले मानकरीही हेच हात होत.

तरीही त्या दिवाळीने एक गोष्ट दाखविली. जी घरे झडतीच्या धाकाने नुसती दारे बंद करीत, तीच आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आपण होऊन झाडली गेली. वस्तीचे आरोग्य नळ, गटारे व मोकळी हवा यांवर अवलंबून असते खरे; परंतु ही वस्ती आपली, असे रहिवाशांस वाटल्यावाचून ती टिकत नाहीत.

आणि हे इंदूरकरांस दाखविणारा गृहस्थ कोण? परक्या देशाचा, चार दिवसांचा पाहुणा. त्याचेही तेथे बिऱ्हाडच होते. तेव्हा बदलीची सबब आम्ही कोणत्या तोंडाने सांगावी?