आडनाव लांब असेल तर लेकीचं नाव कसं निवडावं?

मरोळमधल्या आमच्या वर्गाच्या हजेरीपटावर दोन तऱ्हेची आडनावं असतात. एकीकडे शेख, खान, सय्यद, अन्सारी. दुसरीकडे श्रीवर्धनकर, माखजनकर, बुरोंडकर, राजापूरकर. दुसऱ्या यादीतली घरं मूळची रायगड-रत्नागिरीकडची. गाव सुटलं, पण गावाचं नाव आडनावात राहिलं.

अशा घरात मुलगी जन्माला आली की दादी, नानी, फुफी, खाला सगळ्या नावं सुचवतात. नाव गोड आहे का, मतलब चांगला आहे का, हे सगळे बघतात. आडनावाला जोडून ते कसं दिसेल, कागदावर कसं बसेल, हे मात्र फार कमी लोक बघतात. ते आधी का बघावं आणि कसं बघावं, हे इथे सांगत आहोत.

आता नाव चार भागांचं

महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांत असं लिहायचं: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. जन्माचा दाखला, शाळेचे कागद, परीक्षेचे अर्ज सगळीकडे हाच क्रम.

निर्णय चांगला आहे. बाळाला जन्म देणाऱ्या आईचं नाव कागदावर आलं, आणि वडिलांच्या नावाची निस्बतही कायम राहिली. पण नाव लांबलं. समजा आई शबाना, वडील मोहम्मद इक्बाल आणि आडनाव श्रीवर्धनकर. दादीची आठवण म्हणून मुलीचं नाव मेहरुन्निसा ठेवलं, तर पूर्ण नाव होतं ‘मेहरुन्निसा शबाना मोहम्मद इक्बाल श्रीवर्धनकर’. इंग्रजीत मधल्या जागा धरून ४८ घरं. हिबा ठेवलं तर ४२.

आणखी एक गोष्ट. आज ठेवलेलं लेकीचं नाव उद्या तिच्या मुलांच्या नावातही लिहिलं जाणार आहे. म्हणजे एक नाव दोन पिढ्यांच्या कागदांवर जाणार.

पासपोर्टचा हिशेब

आपल्याकडे आखाती देशांत नोकरी आणि उमरा-हज यांमुळे पासपोर्ट घरोघरी लागतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ घरांच्या. पहिल्या ओळीतली ३९ घरं नावासाठी. त्यात आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव.

श्रीवर्धनकर इंग्रजीत १४ अक्षरांचं. दोन खुणा धरून १६ घरं गेली, उरली २३. मुलीचं आणि वडिलांचं नाव एवढंच लिहिलं, तरी ‘मेहरुन्निसा मोहम्मद इक्बाल’ला २५ घरं लागतात. तिथे नाव कापलं जातं. ‘हिबा मोहम्मद इक्बाल’ला १९ लागतात, ते आरामात बसतं. वरच्या भागात पूर्ण नाव छापलेलं असतं, म्हणून पासपोर्ट बाद होत नाही. पण तिकिटावर एक, पासपोर्टच्या ओळीत दुसरं असं झालं की काउंटरवर समजावत बसावं लागतं.

दोन शब्दांचं नाव जपून

उम्मे हबीबा, उम्मे हानी, नूर फातिमा ही नावं सुंदर आहेत. पण अर्जात पहिल्या नावाला एकच रकाना असतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव होतं उम्मे हबीबा. जन्माच्या दाखल्यावर दोन शब्द, शाळेत जोडून एक शब्द, आधार कार्डावर ‘उम्मे’ पहिलं नाव आणि ‘हबीबा’ वडिलांच्या जागी. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी हे लक्षात आलं. सुट्टीभर तिचे अब्बा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होते. आणि वर्गात सगळे तिला नुसतं ‘उम्मे’ म्हणायचे, म्हणजे फक्त ‘आई’! आधीच लांब आडनाव असेल तर नाव एका शब्दाचंच बरं.

दादीचं नाव लांब असेल आणि जपायचं असेल, तर त्याचं छोटं रूप घ्या. नजमुन्निसाची नजमा, करीमुन्निसाची करीमा. दादीही खूश, कागदही सुटसुटीत. मेहरुन्निसाचं ‘मेहर’ करताना मात्र विचार करा. आपल्या बोलीत निकाहच्या रकमेलाही मेहरच म्हणतात, आणि शाळेतली मुलं चिडवायला एवढंही पुरतं.

उर्दू, मराठी, इंग्रजी: तिन्ही लिपींत लिहून बघा

मुंबईत जन्माचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो. घरात नाव उर्दूत ठरतं. गडबड इथेच होते.

‘जैनब’ घ्या. उर्दूत एकच हिज्जे. मराठीत कुणी जैनब लिहितं, कुणी झैनब. कॉम्प्युटरने त्यावरून इंग्रजी केलं की एका कागदावर ‘जे’ने सुरू होतं, दुसऱ्यावर ‘जेएच’ने, आणि घरचे लिहितात ‘झेड’ने. आयेशा, आयशा, आईशा यांचंही तेच. याचा अर्थ ही नावं ठेवू नका असा नाही. ही आपल्या उम्महातुल मोमिनीनची मुबारक नावं आहेत. जरूर ठेवा, फक्त हिज्जे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवा. सलमा, सना, हिना, हिबा यांसारख्या नावांत हा घोळ कमी होतो.

मतलबही उर्दू-अरबी अक्षरांवरूनच तपासा, मराठीवरून नको. ‘आसिया’ मराठीत एकच दिसतं. अलिफ आणि सीनने लिहिलं तर ते फिरऔनच्या नेक बीबीचं नाव. ऐन आणि स्वादने लिहिलं तर अर्थ होतो नाफरमान. या दुसऱ्या अर्थाचं नाव असलेल्या एका मुलीचं नाव अल्लाहच्या रसूलनी (स.) बदलून जमीला ठेवलं, हे हदीसमध्ये आलं आहे. शंका असेल तर मोहल्ल्यातल्या आलिमांना किंवा उर्दूच्या शिक्षकांना विचारा. मोबाईलवरच्या यादीवर भरवसा ठेवू नका.

कानाला कसं लागतं?

नाव दोन्ही क्रमांनी मोठ्याने म्हणा, कारण हजेरीत बऱ्याचदा आडनाव आधी येतं.

‘नूर राजापूरकर’ म्हणून बघा. नूरचा र राजापूरकरच्या रा ला अडतो. ‘कौसर श्रीवर्धनकर’मध्ये दोन्हीकडे शेवटी र, यमक जुळल्यासारखं होतं. ‘बुरोंडकर रुकय्या’मध्येही र वर र येतो. आडनाव ‘कर’ने संपत असेल तर र ने सुरू होणारं किंवा संपणारं नाव शक्यतो टाळा. आ-कारान्त दोन-तीन अक्षरी नावं लांब आडनावापुढे छान चालतात: हिबा श्रीवर्धनकर, सलमा राजापूरकर, सुमय्या माखजनकर. आडनाव काझी, खतीब, परकार असं आटोपशीर असेल, तर खदीजा, फातिमा, जुवेरिया अशी भरदार नावं खुलून दिसतात.

घाई कुठे नको, कुठे हवी

सातव्या दिवशी अकीका आणि नाव ठेवणं ही सुन्नत आहे. सरकारी नोंदीची मुदत वेगळी आहे:

- जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. बहुतेक वेळा इस्पितळच ती कळवतं.
- नाव ठरलं नसेल तर नावाशिवायही नोंद होते. पुढे १२ महिन्यांत नाव फी न भरता घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.
- १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. म्हणून त्यावरचं नाव हेच पुढचं सगळं ठरवतं.
- इस्पितळाचा फॉर्म कुणाकडून तोंडी सांगून भरून घेऊ नका. तिन्ही लिपींतलं नाव लिहिलेला कागद हातात द्या.
- आईचं नाव निकाहपूर्वीच्या कागदांप्रमाणे की नंतरच्या, हे ठरवा. वडिलांच्या नावात ‘मोहम्मद’ कुठे पूर्ण, कुठे ‘मो.’ असेल तर आधी एकच रूप पक्कं करा.

एकदा नाव नोंदलं की बदलणं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि बऱ्याच चकरा. शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरमध्ये बदल करून घेणं तर आणखी अवघड.

आडनाव कापू नका

काही पालक आम्हाला विचारतात, “सर, मुलीला नुसतं शेख लावलं तर चालेल का? फॉर्ममध्ये बसत नाही.” आमचं म्हणणं असं की तसं करू नका. बापाचं श्रीवर्धनकर आणि मुलीचं शेख झालं की प्रत्येक कागदावर नातं सिद्ध करत बसावं लागेल. शिवाय त्या ‘कर’मध्ये आपलं गाव आहे, तिथलं कब्रस्तान आहे, तिथली मशीद आहे. चार पिढ्यांनी जपलेलं नाव एका रकान्यासाठी सोडायचं नाही. रकाना लहान आहे म्हणून लेकीचं नाव आटोपशीर निवडा, आडनाव पूर्ण लिहा.

नाव ठरवलं की एका कोऱ्या कागदावर चारही भाग एका ओळीत लिहा, उर्दूत, मराठीत, इंग्रजीत. दोनदा मोठ्याने वाचा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान मुलाला ते म्हणता आलं, तर समजा नाव जमलं. मग बिस्मिल्लाह म्हणून नोंद करा. अल्लाह तुमच्या लेकीला नेक नसीब देवो.