उंदरांवरील प्रयोग आणि बीडचे नैराश्य

नापिकी, कर्ज व शेतकरी आत्महत्या यांमुळे बीड जिल्ह्यात नैराश्याचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. अशा वेळी ‘नैराश्यावरील नवे औषध उंदरांवर यशस्वी’ ही बातमी आशा जागवते. तिचा नेमका अर्थ समजण्यासाठी प्राणी-प्रारूप, म्हणजेच ‘अ‍ॅनिमल मॉडेल’, ही संकल्पना जाणून घ्यावी लागते.

व्याख्या : मनोविकाराची काही लक्षणे प्राण्यांत निर्माण करून त्यांची कारणे व उपचार शोधण्याच्या पद्धतीस प्राणी-प्रारूप म्हणतात.

भारतीय धागा : सर्पगंधा रक्तदाबावर गुणकारी असल्याचे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकातून जगापुढे मांडले. १९५२ मध्ये या वनस्पतीतून ‘रेसरपिन’ वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या काही रुग्णांत उदासीनता दिसली, तर ते दिलेले प्राणी निश्चल झाले. पुढे नैराश्यावरील औषधांच्या चाचणीसाठी असे प्राणी वापरले गेले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये असे निश्चल प्राणी ‘एल-डोपा’ देऊन पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताच्या उपचाराला दिशा मिळाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

प्रचलित चाचण्या : पोर्सोल्ट यांच्या १९७७ मधील चाचणीत उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ धडपड थांबवून तरंगत राहतो, हे मोजतात. दुसऱ्या पद्धतीत सतत सौम्य ताण दिलेला उंदीर साखरेचे पाणी पिण्यात रस घेतो की नाही, हे पाहतात.

मर्यादा : तरंगणारा उंदीर हताश असेलच असे नाही, तो शक्तीही वाचवत असेल. अपराधीपणा, आत्महत्येचा विचार, सावकाराचा तगादा यांचे प्रारूप पिंजऱ्यात उभे राहत नाही. म्हणूनच प्राण्यांत प्रभावी ठरलेली अनेक औषधे माणसांत अपयशी ठरतात.

कायदा : १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार केंद्रीय समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. प्रत्येक प्रयोगास नैतिक समितीची मान्यता आवश्यक असते.

माणसाचे उत्तर : राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बीडचाही समावेश झाला. त्यात आशा कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना मनःस्थितीविषयी प्रश्न विचारणे अपेक्षित होते. औषधाचा मार्ग उंदीर दाखवू शकतो. मनातील व्यथा मात्र माणूसच सांगू शकतो. ती सांगण्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.