चित्तमात्र टेकडी : पुण्यातील ओकायामा उद्यानाच्या निमित्ताने

पुण्यात सिंहगड रस्त्यावर सुमारे १० एकरांचे पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणूनही ते ओळखले जाते. खराडीहून शहर ओलांडून आम्ही ते पाहावयास गेलो, तेव्हा सोबतच्या उपासकांनी विचारले : यास बौद्ध उद्यान म्हणावे काय ? प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण जपानी ते सारे बौद्ध, असा समज आपल्याकडे रूढ आहे.

उद्यान आणि धम्म यांचा संबंध प्राचीन आहे, यात शंका नाही. बिंबिसार राजाने भिक्षुसंघास वेळुवन दान दिले. पाली भाषेत ‘आराम’ हा शब्द उपवन व विहार या दोन्ही अर्थांनी येतो. इ. स. ६१२ मध्ये सम्राज्ञी सुइको हिच्या प्रासादाच्या अंगणात कोरियातील पैक्चे राज्यातून आलेल्या एका कारागिराने सुमेरू पर्वताची प्रतिकृती उभारल्याची नोंद ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात आहे.

परंतु पुण्यातील उद्यानाचा आदर्श असलेले ओकायामाचे कोराकुएन हे विहाराचे उद्यान नव्हे. ते तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने इ. स. १६८७ मध्ये करावयास घेतले व १७०० मध्ये ते पूर्ण झाले. अतिथींचा सत्कार व मनोविनोद हा त्याचा हेतू होता. इ. स. १८७१ मध्ये त्यास मिळालेले ‘कोराकुएन’ हे नावदेखील चिनी राजनीतीतून आले आहे. राज्यकर्त्याने प्रजेच्या आधी चिंता वाहावी आणि सुख प्रजेच्या नंतर भोगावे, असा त्याचा आशय आहे. हे उद्यान सर्वांसाठी खुले झाले ते १८८४ मध्ये. १९३४ चा महापूर आणि १९४५ चा बॉम्बवर्षाव यांत त्याची हानी झाली; जुन्या चित्रांच्या आधारे ते पुन्हा उभारण्यात आले.

तथापि याच उद्यानाच्या मध्यभागी त्सुनामासाच्या पुत्राने एक लहान टेकडी रचविली. तिचे नाव युइशिन्झान. ‘युइशिन’ म्हणजे ‘केवळ चित्त’. महायान परंपरेतील ‘चित्तमात्र’ ही संज्ञा ती हीच.

पुण्यातील ओढा, पूल, तळ्यातील मासे व हिरवे उंचवटे पाहताना हा भेद ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते. हे उद्यान बौद्धांचे स्मारक नाही. मात्र ज्या परंपरेतून ते आले, तिच्या मातीत भारतीय विचाराचे बीज आहे. आपल्या वारशाचे मोजमाप याहून अधिक करू नये आणि उणेही करू नये.